मुलामा असलेली नेपाळी तारा विकायला आली आहे. जुनी बौद्ध धातुमूर्ती घेताना नेमके काय तपासावे?

शिल्पार्थी, पुणे

नमस्कार. बौद्ध धातुशिल्पांविषयी मी बऱ्याच काळापासून वाचत आहे आणि मुंबई, पाटणा व चेन्नई येथील संग्रहालयांत ती शक्य तेव्हा पाहत आलो आहे. एखादी जुनी मूर्ती आपल्या संग्रही असावी, अशी इच्छा आहे. मात्र शंभर वर्षांहून जुनी अशी कोणतीही कलावस्तू मी आजवर विकत घेतलेली नाही. अलीकडे एका परिचितांच्या मार्फत एक विक्रेते भेटले. त्यांच्याकडे तारा या बौद्ध देवीची वीतभर उंचीची मूर्ती आहे. देवी ललितासनात बसलेली असून उजवा पाय खाली सोडून एका लहान कमळावर टेकवलेला आहे, उजवा हात वरदमुद्रेत आहे आणि डाव्या हाताच्या बोटांमधून उत्पलाचा, म्हणजे निळ्या कमळाचा, देठ खांद्याकडे गेलेला आहे. अंगावर सोन्याचा मुलामा आहे. तो नाकाच्या शेंड्यावर, गुडघ्यांवर व पावलांवर उडून खालचे लालसर तांबे दिसू लागले आहे. मुकुटात आणि बाजूबंदांत खडे बसवलेले आहेत. बैठक आतून पोकळ असून तळाला पत्रा नाही.

विक्रेत्यांच्या म्हणण्याप्रमाणे ही पंधराव्या शतकातील नेवार या नेपाळी समाजातील कारागिरांची निर्मिती असून काही वर्षांपूर्वी काठमांडू खोऱ्यातील एका कुटुंबाकडून आली आहे. सोबत एका तज्ज्ञांचे पत्र आहे. त्यात शतक, शैली आणि अंदाजे मूल्य लिहिलेले आहे, परंतु कोणत्या चाचणीवरून हे ठरवले याचा उल्लेख नाही. सांगितलेली किंमत माझ्या दृष्टीने फार मोठी आहे. तथापि आंतरराष्ट्रीय लिलावांतील आकडे पाहता ती स्वस्तच म्हणावी लागेल, आणि याच स्वस्ताईमुळे मला थोडी शंका येते.

अशी मूर्ती खरोखर जुनी आहे की नाही, हे सामान्य माणसाला कितपत ओळखता येते? प्रयोगशाळेतील चाचणी करून घेतली तर निर्णायक उत्तर मिळते का? आणि भारतात अशी वस्तू बाळगण्याविषयी कायदा काय सांगतो?

ओतकामी

शिल्पार्थी यांस,

मूर्ती पाहिल्याखेरीज तिच्या वयाविषयी मत देणे योग्य होणार नाही. तरीही आपल्या वर्णनातील कोणती खूण काय सिद्ध करते आणि काय करत नाही, एवढे धातुकामाच्या बाजूने सांगता येईल.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की धातूचे वय थेट मोजता येत नाही. क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या चाचणीतून तांबे, जस्त, कथील, शिसे यांचे प्रमाण कळते, ओतकाम केव्हा झाले ते कळत नाही. नेवार कारागीर तांब्याचे प्रमाण पुष्कळ अधिक ठेवत, कारण असा धातू मऊ राहतो, त्यावर छिन्नीचे बारीक काम करता येते आणि मुलामाही नीट बसतो. उलट काश्मीर व पश्चिम हिमालयातील मूर्ती बहुधा पितळेच्या असून त्यांत डोळ्यांना चांदीचे आणि ओठांना तांब्याचे जडावकाम केलेले आढळते. त्यामुळे आपल्या तारेच्या गुडघ्यावर दिसणारा लालसर रंग नेपाळी परंपरेशी जुळतो खरा. परंतु काठमांडू खोऱ्यातील पाटण शहरातले आजचे ओतारीही तांबेच वापरतात. जस्ताचे प्रमाण पाहून काळ ठरवण्याचा एक आडाखा सांगितला जातो. जस्ताचे खनिज आणि तांबे एकत्र तापवून केलेल्या जुन्या पितळेत जस्त साधारणतः २८ टक्क्यांच्या वर जात नसे, म्हणून त्याहून अधिक जस्त असलेली वस्तू अर्वाचीन समजावी, असा तो आडाखा आहे. युरोपीय वस्तूंच्या बाबतीत तो बराच उपयोगी पडतो. भारतात मात्र राजस्थानातील जावर येथे जस्ताचे ऊर्ध्वपातन मध्ययुगातच होऊ लागले होते, त्यामुळे आपल्याकडे हा निकष सांभाळूनच वापरावा लागतो.

मुलाम्याचेही तसेच आहे. पारंपरिक पद्धतीत सोने पाऱ्यात मिसळून त्याचा लेप मूर्तीवर देतात आणि मग उष्णता देऊन पारा उडवून लावतात. अशा मुलाम्यात पाऱ्याचा अंश शिल्लक राहतो व तो चाचणीत सापडतो. विजेच्या साहाय्याने चढवलेल्या मुलाम्यात तो सापडत नाही. म्हणजे पारा मिळाला नाही आणि सोन्याचा थर सर्वत्र एकसारखा पातळ आढळला, तर पंधराव्या शतकाचा दावा जवळजवळ निकालात निघतो. पारा मिळाला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण पाटणमध्ये पाऱ्याचा मुलामा आजही दिला जातो.

आता झिजेविषयी. खरी झीज ही हाताच्या, वस्त्राच्या आणि पूजाद्रव्यांच्या वाटेने जाते. आपल्या घरच्या देवघरातली पिढ्यानपिढ्या पुसली गेलेली अन्नपूर्णा किंवा बाळकृष्ण हातात घेऊन पाहावा. नाक, गुडघे, बोटे गुळगुळीत झालेली असतात, पण काखेत, मानेमागे आणि बैठकीच्या खोबणीत मूळ छिन्नीकाम धारदार राहिलेले असते. कृत्रिम झीज करणारा मनुष्य पॉलिशचे चाक किंवा काथ्या वापरतो आणि जेथे बोट पोहोचणे शक्य नाही तेथेही कडा बोथट करून ठेवतो. नेपाळातील पूजेतल्या मूर्तीच्या खोबणींत सिंदूर व तेलकट काजळी थरांनी घट्ट बसलेली असते. नव्याने लावलेला सिंदूर ओल्या कापसाने सहज निघून येतो. खडे भिंगाखाली पाहावेत. कोंदणाची कडा मूर्तीबरोबरच झिजलेली दिसली पाहिजे. खडे नंतर बदललेले असणे ही सामान्य गोष्ट आहे, त्यावरून मूर्ती खोटी ठरत नाही.

बैठक उघडी आहे हे एका अर्थी चांगले, कारण आत पाहता येते. मेणाची प्रतिमा घडवून, तिच्यावर मातीचे लेप देऊन, मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातू ओतण्याची ही कृती कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात दिलेली आहे. या कृतीत साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, म्हणून प्रत्येक मूर्ती एकमेव असते. तंतोतंत तसेच दोष, तसाच खळगा आणि तशीच वाकलेली पाकळी असलेली दुसरी मूर्ती कोठे आढळली, तर दोन्हींपैकी निदान एक तरी रबरी साच्यातून काढलेली नक्कल आहे असे समजावे. पोकळ मूर्तीच्या आत जळालेल्या काळ्या मातीचा गाभा शिल्लक असेल, तर त्यातील क्वार्ट्झ व फेल्डस्पारच्या कणांवरून तापदीप्तीची चाचणी करता येते आणि ती माती शेवटची केव्हा भाजली गेली याचा अंदाज मिळतो. या पद्धतीतील चूक वयाच्या वीस टक्क्यांपर्यंत धरली जाते. पाचशे वर्षांची वस्तू आणि पन्नास वर्षांची वस्तू यांतील भेद कळण्यास तेवढी अचूकता पुरेशी आहे. गाभा पूर्णपणे खरवडून काढलेला असेल, तर तो का काढला, हे विक्रेत्यांना अवश्य विचारावे.

थोडक्यात आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की प्रयोगशाळा ‘नाही’ असे खात्रीने सांगू शकते, ‘होय’ असे क्वचितच.

पीठलेख

ओतकामी यांनी लिहिलेले सर्व मान्य आहे. परंतु माझ्या मते ही चर्चा चुकीच्या टोकाकडून सुरू झाली आहे. मूर्ती खरी की खोटी, हा येथे दुसरा प्रश्न आहे. विक्रेत्यांचे एक वाक्य पुन्हा वाचावे: ‘काही वर्षांपूर्वी काठमांडू खोऱ्यातील एका कुटुंबाकडून आली.’ नेपाळने १९५६ मध्ये प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि शंभर वर्षांहून जुनी मूर्ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेण्यास मनाई केली. तेव्हा विक्रेते सांगतात ते खरे असेल, तर ही मूर्ती तस्करी करून आणलेली आहे, आणि पंधराव्या शतकातील मूर्ती असेल तर बहुधा कोणत्या तरी विहाराच्या अथवा घराण्याच्या पूजेतून उचललेली आहे. ते सांगतात ते खोटे असेल, तर आपण नव्या वस्तूला जुन्याचे मोल देत आहात. या दोहोंमध्ये आपल्याला लाभदायक ठरेल असा तिसरा पर्याय मला दिसत नाही.

भारतीय कायद्याविषयी आपण विचारले आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ साली झाला आणि ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुने शिल्प, मग ते दगडाचे असो वा धातूचे, ‘पुरावशेष’ ठरते. ते बाळगणे गुन्हा नाही, हे आधी स्पष्ट करतो, कारण याविषयी लोकांच्या मनात अकारण भीती असते. मात्र अशा मूर्तीची नोंदणी अधिकाऱ्याकडे छायाचित्रांसह नोंद करावी लागते, मालक बदलला तर ते कळवावे लागते, आणि पुरावशेषांचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तसे केल्यास किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. म्हणून विक्रेत्यांना प्रथम दोनच कागद मागावेत: त्यांचा परवाना आणि या मूर्तीचे नोंदणी प्रमाणपत्र. तज्ज्ञांचे पत्र नंतर पाहता येईल. नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे मूर्ती अस्सल असल्याची हमी नव्हे, एवढे मात्र विसरू नये. अमुक वस्तू अमुक दिवशी अमुक माणसाच्या ताब्यात होती, इतकेच ते सांगते. पण संग्राहकाला नेमके तेच हवे असते.

‘एवढ्याशा मूर्तीचा माग कोण काढणार,’ असे अनेकांना वाटते. ऑगस्ट १९६१ मध्ये नालंदा येथील पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयातून चौदा धातुमूर्ती चोरीस गेल्या. त्यांपैकी भूमिस्पर्श मुद्रेतील एक बुद्धमूर्ती, चांदीचे जडावकाम असलेली, मार्च २०१८ मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टच्या कलामेळ्यात विक्रीसाठी आली. पुरातत्त्व खात्याकडे चोरीपूर्वीची छायाचित्रे होती. मेणाच्या पद्धतीने ओतलेल्या दोन मूर्ती कधीच हुबेहूब सारख्या नसतात, हे ओतकामी यांनी वर सांगितलेच आहे; त्याच आधारे ती ओळखली गेली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला लंडनच्या पोलिसांनी ती भारतीय उच्चायुक्तांच्या हवाली केली. त्या वेळच्या विक्रेत्याचा वा मालकाचा चोरीशी संबंध नव्हता आणि त्यांनी सहकार्यही केले. तरी मूर्ती त्यांच्या हातून गेली ती गेलीच. सत्तावन्न वर्षांत ती किती हातांतून गेली असेल आणि त्यांतील किती जणांनी ती निर्धास्तपणे दिवाणखान्यात मांडली असेल, याचा विचार करावा.

कागदही डोळे मिटून स्वीकारू नयेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये न्यूयॉर्कचा विक्रेता सुभाष कपूर याच्याकडून चोलकालीन नटराज घेतला, तेव्हा त्याच्यासोबत मालकीचा इतिहास सांगणारी पत्रे होती. ती बनावट निघाली आणि २०१४ मध्ये नटराज भारतात परतला. एवढ्या मोठ्या संस्थेच्या तपासणीतून ती पत्रे सुटली होती. तेथे मूल्य आणि शतक सांगणारे, चाचणीचा उल्लेख टाळणारे पत्र कितीसे वजनदार ठरणार?

मूर्तीवर लेख असेल तर तो सर्वांत मौल्यवान कागद समजावा. बिहारमधील कुर्किहार येथे १९३० मध्ये सुमारे सव्वादोनशे धातुवस्तूंचा जो साठा सापडला, त्यातील मूर्तींवरच्या दानलेखांमुळेच आपल्याला आपणक महाविहाराचे नाव कळते आणि दूरच्या कांचीहून आलेल्या भिक्षूंनीही तेथे मूर्ती अर्पण केल्या होत्या हे समजते. ‘ये धर्मा हेतुप्रभवा’ ही गाथा पाल राजवटीतील मूर्तींच्या पाठीवर वा पीठावर वारंवार कोरलेली असते. तिच्या अक्षरवळणावरून काळाचा अंदाज बांधता येतो. नेपाळी मूर्तीवर नेपाळ संवताचे वर्ष असण्याची शक्यता असते. तो संवत इ. स. ८७९ मध्ये सुरू झाला, त्यामुळे कोरलेल्या आकड्यात सुमारे ८८० मिळवावेत आणि मिळणारे वर्ष मूर्तीच्या शैलीशी जुळते का ते पाहावे. खोटे लेख कोरणारे बहुधा येथेच घसरतात. आपल्या तारेच्या पीठाच्या मागील बाजूस काही कोरलेले आहे का, हे कळवल्यास बरे होईल.

टेम्सकाठ, लंडन

पीठलेख यांच्या सावधगिरीबद्दल आदर आहे, तरी त्यांच्या लिखाणावरून जुन्या मूर्तींचा प्रत्येक संग्राहक चोराचा साथीदार आहे असा समज होण्याची भीती वाटते. १९७० पूर्वी, म्हणजे सांस्कृतिक संपत्तीच्या अवैध व्यापारासंबंधीचा युनेस्कोचा करार होण्यापूर्वी, पुष्कळ मूर्ती उघडपणे व कागदोपत्री इकडे आल्या. मुंबईत जन्मलेले पारशी विक्रेते नसली हिरामाणेक यांचा संग्रह १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या काउंटी संग्रहालयाने घेतला, हे त्याचे ठळक उदाहरण. नागपट्टिणमला १८५६ पासून पुढे कित्येक दशके मिळत गेलेल्या सुमारे साडेतीनशे बौद्ध धातुमूर्तींपैकी पुष्कळशा चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात असल्या तरी काही जगभरच्या संग्रहांत विखुरल्या आहेत. मस्तकावर ज्वालेसारखे उष्णीष (डोक्यावरील उंचवटा) असलेला तो बुद्ध एकदा पाहिला की पुन्हा कोठेही ओळखू येतो. अशा वस्तू प्रसिद्ध झालेल्या असतात, त्यांची जुनी छायाचित्रे असतात, आणि लिलावाच्या सूचीत १९७० पूर्वीपासूनची मालकी ओळीने दिलेली असते. तेवढ्या एका ओळीसाठी किंमत कित्येक पट वाढते. शिल्पार्थी यांना वाटणाऱ्या स्वस्ताईचे कारण हेच आहे. त्यांना दाखवलेल्या मूर्तीला ती ओळ नाही.

लिलावांतील आकड्यांविषयी थोडे. चिनी सम्राट योंगले याच्या राजवटीत, १४०३ ते १४२४ या काळात, तिबेटमधील मठांना भेट देण्यासाठी राजकार्यशाळेत मुलाम्याच्या मूर्ती घडवल्या गेल्या. तशी एक शाक्यमुनींची मूर्ती हाँगकाँगला २००६ मध्ये ११ कोटी ६६ लाख हाँगकाँग डॉलरना आणि २०१३ मध्ये २३ कोटी ६० लाखांहून अधिक किमतीला विकली गेली. तेव्हापासून अशा मूर्तींवर कोरलेल्या योंगले राजवटीच्या नाममुद्रेच्या नकलांना ऊत आला आहे. खऱ्या मूर्तीवर तिची सहा चिनी अक्षरे डावीकडून उजवीकडे, तिबेटी वाचनाच्या दिशेने कोरलेली असतात. ही गोष्ट आता नकला करणाऱ्यांनाही ठाऊक झाली आहे, हे ओघाने आलेच. अशा आकड्यांशी आपल्या वीतभर तारेची तुलना करून ती स्वस्त वा महाग ठरवणे व्यर्थ आहे.

माझे मत विचाराल तर कागद नसलेल्या पंधराव्या शतकापेक्षा कागद असलेले एकोणिसावे शतक घ्यावे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील लहान तिबेटी मूर्ती सामान्य नोकरदारालाही परवडण्याजोग्या असतात आणि त्यांच्यावर फारशा नकला होत नाहीत, कारण त्यात नफा थोडा. तिबेटी मूर्ती घेताना तळ मुद्दाम पाहावा. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी आत मंत्रांच्या गुंडाळ्या, धान्य, अवशेष इत्यादी भरून तळाला तांब्याचा पत्रा बसवतात व त्यावर विश्ववज्र, म्हणजे दोन वज्रांची फुली, कोरतात. पत्रा शाबूत असेल तर तो उघडू नये. आत काय आहे या कुतूहलापोटी उघडलेल्या मूर्तीचे धार्मिक मोल तर जातेच, बाजारातले मोलही उतरते. विक्रेत्यानेच उघडून पुन्हा बसवलेला पत्रा कडेच्या ताज्या ठोक्यांवरून ओळखता येतो.

शतकाच्या मोहात पडायचेच नसेल, तर पाटणमधील शाक्य कारागिरांकडून नवीन मूर्ती नवीन म्हणूनच घ्यावी. उत्तम हाताची नवी तारा ही सुमार जुन्या तारेपेक्षा कलादृष्ट्या कितीतरी सरस असते, आणि नेपाळच्या पुरातत्त्व विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घेऊन ती रीतसर भारतात आणता येते. हे सांगितले की संग्राहक मंडळी नाक मुरडतात; मुरडोत.

शिल्पार्थी, पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पीठलेख यांनी सुचवल्याप्रमाणे मी दोन्ही कागद मागितले. परवान्याविषयी विक्रेत्यांनी उत्तर टाळले, आणि नोंदणीविषयी ‘ती आपण नंतर आपल्याच नावावर करून घ्यावी, मूर्ती आजोबांपासून घरात आहे असे अर्जात लिहावे’ असा सल्ला दिला. पीठावर लेख नाही. बैठकीच्या आत गाभ्याची माती मुळीच शिल्लक नाही आणि पृष्ठभाग पुसल्यासारखा स्वच्छ आहे. मी व्यवहारातून माघार घेत असल्याचे त्यांना कळवले आहे.

या निमित्ताने आणखी एक विचारतो. माझ्या मावशींच्या सासरी विदर्भात एक लहान ध्यानस्थ पितळी मूर्ती फार पूर्वीपासून आहे. घरातील मंडळी ती बुद्धाची मानतात. अलीकडे तिच्या मांडीवर व बैठकीवर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके दिसू लागले आहेत. चिंच लावून ती घासावी असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे.

ओतकामी

चिंच कृपया लावू नये. लिंबू, आमसूल आणि भांडी घासण्याची कोणतीही पावडरसुद्धा नको. फिकट, भुसभुशीत, नखाने सुटणारी हिरवी भुकटी ही तांब्याच्या मिश्रधातूंना होणाऱ्या क्लोराइडच्या गंजाची खूण आहे. मूर्तीवर जो गडद हिरवा किंवा तपकिरी घट्ट थर असतो तो धातूचे रक्षण करतो. ही भुकटी मात्र हवेतील ओलाव्यात धातू आतून खात जाते. आम्ल लावले की वरची भुकटी जाते, मूर्ती काही दिवस चकाकते, आणि आतील क्लोराइड तेथेच राहिल्यामुळे ठिपके पुन्हा, अधिक खोलवर उमटतात. शिवाय संरक्षक थर व छिन्नीचे बारीक काम कायमचे नष्ट होते, ते वेगळेच.

सध्या एवढेच करावे की मूर्ती कोरड्या सुती कापडावर ठेवून हवाबंद डब्यात, भरपूर सिलिका जेलसह ठेवावी. डब्यातील सापेक्ष आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली राहील असे पाहावे. लहान आर्द्रतामापक बाजारात सहज मिळतो. कोकण-मुंबईच्या मानाने विदर्भातील हवा कोरडी असल्याने निम्मे काम हवाच करते, पावसाळ्यात तेवढे जपावे. पूजेत असेल तर पाण्याचा व पंचामृताचा अभिषेक तूर्त थांबवावा. पुढील उपचार, म्हणजे क्लोराइड काढणे आणि बेंझोट्रायझोलचा लेप देणे, हे प्रशिक्षित संरक्षकाचे काम आहे. ती रसायने घरी हाताळण्याजोगी नाहीत.

पीठलेख

मूर्ती बुद्धाचीच आहे असे गृहीत धरू नये. विदर्भात जैन धातुमूर्तीही मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिणीचा साठा प्रसिद्धच आहे. ध्यानस्थ बुद्ध आणि ध्यानस्थ तीर्थंकर यांची आसने व हातांची ठेवण सारखी असल्यामुळे घोटाळा होतो, आणि बाजारात तर तीर्थंकराची मूर्ती बुद्ध म्हणून सर्रास विकली जाते. छातीच्या मध्यभागी श्रीवत्साचे चिन्ह आहे का ते पाहावे. असल्यास तो तीर्थंकर होय. बुद्धाच्या अंगावर संघाटी, म्हणजे भिक्षूचे वरचे वस्त्र, असते. ती झिजून गेलेली असली तरी डाव्या खांद्यावरून छातीवर तिरकी उतरणारी किंवा गळ्यालगत गोलाकार जाणारी तिची कडा बोटाला जाणवते. बैठकीवर सिंह, वृषभ, सर्प असे लांछन (तीर्थंकराचे ओळखचिन्ह) वा नवग्रहांची लहान डोकी दिसली, तर जैन मूर्तीची शक्यता वाढते; पण एकटा सिंह दिसला म्हणून निर्णय करू नये, कारण बुद्धाचे आसनही सिंहासन असते.

खरोखर बुद्धमूर्ती निघाली, तर तिला महत्त्व आहे, कारण या प्रदेशातील बौद्ध धातुमूर्ती संख्येने थोड्या आहेत. रामटेकजवळ हमलापुरी येथे मिळालेल्या बुद्धमूर्ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत, आणि बऱ्हाणपूरजवळच्या फोफनार येथे १९६४ मध्ये मिळालेल्या सात बुद्धमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात. दोन्ही समूह वाकाटक परंपरेशी जोडले जातात. सोपारा येथे भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये स्तूप उघडला, तेव्हा अवशेषांच्या करंडकाभोवती सात मानुषी (मानवी रूपातील) बुद्ध व भावी बुद्ध मैत्रेय अशा आठ लहान मूर्ती मांडलेल्या मिळाल्या. त्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. मावशींकडील मूर्ती पाहण्यापूर्वी नागपूरला जाऊन हमलापुरीच्या मूर्तींची चेहरेपट्टी आणि वस्त्राच्या घड्या नीट पाहून ठेवाव्यात.

त्यानंतर मूर्तीची चारही बाजूंनी, तळासह, मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे काढावीत. ती कोणाकडून कोणाकडे आली, हे घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीकडून लिहून घेऊन त्यावर तारीख व सही घ्यावी. जुन्या कौटुंबिक छायाचित्रांत देवघर दिसत असेल तर तीही जपून ठेवावीत. मूर्ती शंभर वर्षांहून जुनी आहे असे वाटल्यास हीच सामग्री घेऊन नोंदणीचा अर्ज मावशींच्या सासरच्या मंडळींच्या नावे करावा, आपल्या नावे नव्हे.